विट्याच्या माणसाचा शर्ट

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर सोनं गाळायच्या दुकानातून ॲसिडचा वास आला, की लोक नाकाला रुमाल लावतात. मी व्हीलचेअर थांबवून छातीभर श्वास घेतो.

एकदा मी बसलेल्या, नुकत्याच उतरलेल्या विमानात धूर भरला. मदत लागणाऱ्यांनी बसून राहावं, अशी गोड आवाजात घोषणा झाली. माझे पाय निकामी, त्यामुळे मी आज्ञाधारकपणे बसून राहिलो आणि सगळे मला ओलांडून दाराकडे पळाले. शेजारच्या सीटवरचा, सोनं गाळायचा धंदा करणारा विट्याचा गलाईवाला मात्र माझ्यापुढे पाठ करून वाकला.

"आवं, गळ्याला मिठी मारा. लाजताय काय, बायको न्हाई बघत!"

त्याच्या शर्टाला हाच वास होता. दाराशी त्यानं मला पुढ्यात घेतलं आणि दाराला लागलेल्या रबरी घसरगुंडीवरून मी त्याच्या मांडीवर बसून खाली आलो.

पुढे गावात धैर्याबद्दल सत्कार झाला, तो माझा. शाल अजून आहे. तिला कसलाच वास नाही.