एकविसावी पायरी

ही गोष्ट सांगायची मी बारा-तेरा वर्षं टाळली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चुका दुसऱ्यांच्या वहीत शोधायची सवय असते, एवढंच कारण.

पोंभुर्ण्यात मी दुमजली घर बांधलं. गावात सगळ्यांचे जिने सिमेंटचे. माझा सागवानीच हवा होता. पाहुण्यांनी आधी जिना बघावा, मग मला. गावातल्या म्हाताऱ्या सुताराने दोन महिने खपून वीस पायऱ्या बसवल्या, सगळ्या एका उंचीच्या. तेवढ्यात वास्तुतज्ज्ञ आले, पायऱ्या मोजल्या आणि म्हणाले, सम संख्या अशुभ.

तयार जिना मोडवेना. मी तोड काढली : तळाशी दोन इंचांची फळी ठोकायची, झाल्या एकवीस. सुतार हातोडा खाली ठेवून म्हणाला, "गुरुजी, जिन्यावर पाय सवयीनं चालते. एक पायरी बुटकी ठेवली त माणूस पडन."

मी त्याला शुभ-अशुभावर अर्धा तास शिकवलं. त्याने फळी ठोकली.

वास्तुशांतीला सुताराला दुपट्टा-नारळ दिला. थोड्याच वेळात माझे व्याही माडी बघून उतरले, फळीलाच जमीन समजले आणि पडले. मनगट मोडलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "सुताराचं माप चुकलं."

खांद्यावर नवा दुपट्टा घेऊन तो तिथेच उभा होता. म्हणाला, "गुरुजी म्हणते त चुकलं असन."

गुरुजींचा शब्द गावात प्रमाण. त्याला पुन्हा कुणी घराचं काम दिलं नाही. तो पाट-पोळपाट करू लागला. आठवड्याने मी फळी गुपचूप उपटली. वीस पायऱ्यांच्या या घरात आजवर कुणाचंच वाईट झालं नाही. वाईट झालं ते एकवीस असताना, आणि व्याह्यांपेक्षा जास्त सुताराचं.

वर्षभराने माफी मागायला त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, व्याह्यांच्या मनगटाची चौकशी केली. मी पावसापाण्याचं बोललो आणि चौरंग करायला सांगून परत आलो. चौरंग आणून देताना तो म्हणाला, "माप पाहून घ्या, गुरुजी." मी खरोखर टेप आणून मोजला. चारही पाय सारखे होते. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी "ठीक आहे" म्हणालो.

मागल्या उन्हाळ्यात तो गेला. त्याला सांगायचं एवढंच होतं : भाऊ, माप तुमचं बरोबर होतं. फळी मी ठोकायला लावली, आणि चारचौघांत खोटं बोललो. मला माफ करा.