बाळूची मिशी आणि गळाभेट

गेटवरच्या शिपाईबाईंनी तनूच्या केसांतली लोखंडी क्लिप काढून घेतली आणि पोरीचं तोंड फुगलं.

"जमा कराय लागतं गो," तिची आई सुगंधा म्हणाली. "निघताना परत देतात."

माझा मोबाइल आणि पर्सही जमा झाली. जेलचा नियमच आहे तो.

मला सगळे सिस्टर म्हणतात. नन नव्हे, शहापूरच्या दवाखान्यातली रिटायर्ड नर्स. आता चर्चच्या प्रिझन मिनिस्ट्रीचं काम करते. म्हणजे कैद्यांना भेटायचं, त्यांच्या घरच्यांची विचारपूस करायची. वैशाखरे गावात सुगंधाच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने दारातच विचारलं, "तुमी आमाला चर्चमदी नेनार काय?"

"नाही गं बाई, जेलमध्ये नेणार."

ती खो खो हसली आणि मला चहा मिळाला.

एरवी कैद्याशी काचेपलीकडून बोलायचं असतं. गळाभेटीच्या दिवशी मात्र लहान मुलांना आत सोडतात, बापाच्या मांडीवर बसू देतात. घरची मोठी माणसं बाहेर थांबतात, पोरांना आम्ही सेवेकरी आत नेतो. सुगंधाचा नवरा बाळू जेलमध्ये गेला तेव्हा तनू रांगत होती. सुगंधाने तिला इथे कधी आणलंच नव्हतं. भिंतीवरचा फोटो आणि अधूनमधून येणारा फोन, एवढीच बापाची ओळख. सुगंधाला एकच धास्ती होती.

"सिस्टर, पोरीनी वलखलाच नाय तं? खचल हो तो."

तनूचं बोट धरून मी आत गेले आणि हबकलेच. सगळे बाप एकसारखे! पांढरे कपडे, चोपून भांग, दाढी-मिशी सफाचट. हा आमच्या सॅम्युएलचा उत्साह. तोही आमच्याबरोबर सेवेला येतो. पोरं येणार म्हणून त्याने साहेबांची परवानगी काढून जेलच्या न्हाव्याकडून सगळ्यांना टकाटक करून घेतलं होतं.

बाळू पुढे आला. तनू माझ्या पदराआड लपली.

"हा नाय माझा बाबा. बाबाला मिशी हाय."

बाळूचा चेहरा पडला. मी सॅम्युएलकडे असं पाहिलं की तो पोरांसाठी आणलेल्या केकच्या खोक्यामागे गेला. मनातल्या मनात प्रभूला हाक मारली आणि बाळूवर ओरडले, "अरे, मुका आहेस का? फोनवर बोलतोस तसा बोल की!"

बाळूने जेलरसाहेबांकडे चोरून पाहिलं. लाजला. मग म्हणाला, "म्यॅऽऽ!"

हुबेहूब शेळी. तनूने डोकं बाहेर काढलं.

"म्यॅऽऽ?"

"म्यॅऽऽ!"

दोघांचा फोन दर वेळी असाच सुरू व्हायचा म्हणे. पोर धावत सुटली ती थेट बापाच्या गळ्यात. हॉलभर हशा पिकला. जेलरसाहेबसुद्धा हसत होते. मला रडू आवरेना, इतका आनंद झाला होता.

परतताना सुगंधा गेटवरच उभी होती. "वलखलास का गो?"

"हो. पन त्याला मिशी नाय."

सुगंधाने घाबरून माझ्याकडे पाहिलं. तनूने परत मिळालेली क्लिप केसांत खोचली आणि आईची समजूत घातली.

"आई, मिशी जमा केलीय त्याची. निघताना परत देतात."

सुगंधा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

मी सॅम्युएलला बजावून ठेवलंय. पुढच्या गळाभेटीला केक हवा तेवढा आण, पण न्हाव्याच्या वाटेला जाऊ नकोस.