बॅटरी भरलेली

आईला घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं, तेव्हा मी तिला परभणीला माझ्याकडे आणलं. थोडे दिवस राहिली आणि जावयाच्या घरी आता पुरे म्हणून मशीनसकट बोरीला परत गेली. तिथे ती एकटी, आणि लाइटीचा काही भरवसा नाही. म्हणून मी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर बसवला. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याला एक छोटी डबीही जोडली. बॅटरी अर्ध्यावर आली की माझा फोन वाजायचा. लांब राहूनही मी आईच्या उशाशी बसलेय असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर स्वतःचं कौतुकच वाटायचं.

माझा स्वभाव तापट. ऑफिसात टेबलापुढे लोक उभे असायचे आणि तेवढ्यात फोन बोंबलायचा. मी लगेच आईला फोन लावून फैलावर घ्यायची. "पंखा कशाला चालू ठेवलास? टीव्ही बंद कर आधी. किती वेळा सांगायचं गं तुला?" ती म्हणायची, "बंद करायले, बाई." दम लागतोय का, हे विचारायचं राहूनच जायचं.

मग हळूहळू फोन वाजायचा थांबला. आई शिकली एकदाची, म्हणून मी खूश. ज्यांचे आईवडील खेड्यात आहेत अशा सहकाऱ्यांना मी ॲप उघडून हिरवी पट्टी दाखवायची. बॅटरी भरलेली! एकीने तर माझं ऐकून तशीच डबी घेतली.

एका रविवारी दुपारी न कळवताच बोरीला गेले. लाइट नव्हती, शेजारची पिठाची गिरणी बंद होती. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, नळी गळ्यात लोंबतेय, मशीन बंद. ओठ निळसर पडले होते. मला बघून उठायला गेली तर तिला धाप लागली. मी धावत जाऊन मशीन सुरू केलं, नळी नाकाला लावली आणि सवयीने ओरडलेच, "मशीन कशाला बंद केलंस?"

जरा दम खाऊन ती म्हणाली, "मशीन चाललं की ब्याटरी उतरती. मंग तुझा फोन वाजतो, तू चिडतीस. हापिसात चार लोकांत तुला तरास. मी आपली गप बसून राहते, लय काई होत न्हाई." आणि मग थोड्या फुशारकीने, "आता वाजत न्हाई ना गं?"

चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. माझ्या तोंडाला भिऊन माझी आई श्वासावाचून बसत होती, आणि मी ती हिरवी पट्टी लोकांना दाखवत फिरत होते. मला माझीच लाज वाटली.

बाहेर येऊन मशीन बंद करायचं नाही म्हणून तिला माझी शपथ घातली. फोन वाजला तर वाजू दे, मी चिडणार नाही.

आता फोन वाजला की हायसं वाटतं. गप्प असला की जीव थाऱ्यावर राहत नाही. परवा दुपारी मी आवाज होईल तितका मऊ ठेवून विचारलं, "आई, लाइट आहे का गं?"

"हाय की," ती थांबत थांबत म्हणाली. "मशीन बी... चालू हाय."

मागे मशीनचा आवाज येत नव्हता, आणि न चिडता पुढे काय बोलायचं ते मला सुचेना.