गुलाबरावांची हेवी मेटलची पेटी

“सोफा तरी राहीन नाहीतर ही पेटी तरी. मोहन नगरच्या घरात दोन खोल्या हायेत, गोडाऊन नाही!” अंजनाबाईंनी लोखंडी पेटीवर फडकं आपटलं.

“मंग सोफा सोड,” गुलाबराव म्हणाले.

“सोफ्यावर पाहुणा बसते. तुमच्या कॅसेटीवर कोण बसन?”

सेक्टरमधलं स्टील प्लँटचं क्वार्टर महिनाअखेर खाली करायचं होतं. रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधली गुलाबरावांची सदतीस वर्षं संपली होती, आणि त्यांच्यासोबत डाव्या कानाचं ऐकणंही. सकाळी भंगारवाला पेटी हलवून बघून गेला होता. संध्याकाळी ठेला घेऊन परत येणार होता.

पेटीची सुरुवात एका चुकीतून झालेली. नोकरी नवी, लग्न नवं. पॉवर हाऊस भागातल्या बाजारात गुलाबरावांना एका कॅसेटीच्या कव्हरवर ‘हेवी मेटल’ दिसलं. प्लँटचा माणूस. त्यांना वाटलं, आपल्या कामाचीच काही माहिती असेल. घरी येऊन टेप लावला, तर कानठळ्या बसवणारं इंग्रजी रॉक निघालं आणि अंजनाबाई पोळी तव्यावर सोडून धावत आल्या. त्यांना वाटलं, कुकर फुटला. गुलाबराव मात्र डोळे मिटून बसले होते.

“हे तं आमची मिल हाय वं,” ते म्हणाले.

तेव्हापासून वरचेवर एक नवी कॅसेट येत राहिली. आणि जेवताना, वरण वाढेपर्यंत, तिचा इतिहास. ऐंशीच्या दशकात रेडिओवाले या गाण्यांना दारात उभं करत नव्हते, तरी ती लाखांनी खपली. नव्वदीत काळ्या कव्हरचा एक अल्बम तर कोटीच्या पार गेला. मग सीडी आली, मग पोरांनी गाणी फुकट उतरवून घेतली आणि धंदा बसला. आता तेच जुने अल्बम मोठ्या तबकड्या होऊन पुन्हा महाग विकतात. आधी हे सगळं त्यांनी लायब्ररीतल्या मासिकांत वाचलं, पुढे मोबाईलवर. शेवट नेहमी ठरलेला: “आमचे रूळ देशभर अंथरले हायेत, अन् हे गाणं जगभर. दोन्हीच्या मोजणीत मी हाय.”

अंजनाबाई म्हणायच्या, “हो, अन् माह्यं डोकं दुखणं कोण्या मोजणीत हाय?”

रश्मी, त्यांची मुलगी, सामान बांधायला रायपूरहून आली होती. “भांडू नका ना तुम्ही! मम्मी, ये विंटेज है. लोक घेतात. मी ऑनलाइन टाकते.”

फोटो काढायला तिने कॅसेटी चटईवर मांडल्या. एक उलटी केली, दुसरी केली आणि हसायलाच लागली.

“पप्पा, यावर कंपनीचं नावच नाही. कव्हर झेरॉक्सचं आहे. और ये स्पेलिंग देखो, ‘हेवी मेंटल’ लिखा है! दुकानवाल्याने घरी भरून विकल्या तुम्हाला. सगळ्या डुप्लिकेट. मतलब कंपनीच्या खपात तुमची एक भी गिनती में नहीं आई.”

‘मेंटल’ ऐकून अंजनाबाईंनाही हसू फुटलं. इतकी वर्षं त्या तेच तर म्हणत होत्या. तोंडाशी आलेला टोमणा त्या टाकणार, तेवढ्यात त्यांचं नवऱ्याकडे लक्ष गेलं.

गुलाबरावांनी चष्मा लावला होता. बोट ठेवून ते एकेक अक्षर वाचत होते. एक कॅसेट वाचली, दुसरी वाचली, पाचवी वाचली. मग सगळ्या होत्या त्याच क्रमाने पेटीत ठेवून त्यांनी कडी लावली.

“देऊन टाक भंगारवाल्याले,” ते म्हणाले. “सोफा ने तू.”

भांडण अंजनाबाई जिंकल्या होत्या. गुलाबराव सोफ्याच्या कडेला जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून, चहा येईल का नाही हे न कळणाऱ्या पाहुण्यासारखे.

बाहेर ठेला थांबला. भंगारवाल्याने हाक मारली.

“दोनशे अकरा हायेत,” अंजनाबाई म्हणाल्या.

“काय?”

“कॅसेटी. दर चौदा एप्रिलच्या आधी घर झाडाले काढलं का एकेक मीच पुसून ठेवतो. अन् ही म्हणते, मोजल्याच नाही!”

रश्मीचं हसू थांबलं. अंजनाबाईंनी दार उघडलं, “रुको भैया” म्हटलं आणि मागे वळल्या.

“रश्मी, त्याले सोफा दाखव. पेटी आपल्यासंग येईन. तिच्यावर गादी टाकून देतो, पाहुणा तिथंच बसन.”