लाल दिवा लागल्यावर

सकाळी शिलाई मशीनवर बसलं की मावशी ओठांत टाचण्या धरायची आणि तोंड मिटूनच एक लांब सूर लावायची. टाचण्या थरथरल्या की त्या काढून स्वतःशीच म्हणायची, "आहे, आवाज जागेवर आहे." मग मशीन चालू व्हायचं आणि तिच्या तोंडाचा पट्टाही. गल्लीत तिला रेडिओ म्हणत. काका म्हणत, कंपनी याला बंद करायचं बटण द्यायला विसरली.

भाची संगणकावरचा गायकवृंद बनवणाऱ्या स्टुडिओत कामाला होती. माणसांकडून एकेक स्वर गाऊन घ्यायचा, कधी 'आ', कधी 'ओ', कधी मिटल्या ओठांचा हुंकार. मग कीबोर्डवर बोट ठेवलं की संगणकातून सभागृहभर माणसं गाऊ लागत. हौशी वृंदात गाणाऱ्या मावशीला तिनं तिथं नेलं. नियम एकच होता: लाल दिवा लागला की स्वराखेरीज चकार शब्द नाही. मावशीला ते जमेना. दोन स्वरांच्या मध्ये तिला कुणाची तिरकी कॉलर आठवे, कुणाचं तुटलेलं लग्न. भाची टोकत राहिली आणि शेवटी मावशी शिकली. दिवा लागला की मूर्तीसारखी गप्प. आधीची सगळी बडबड भाचीनं कापली आणि कचरा म्हणून पुसून टाकली. त्या कामात तसंच करतात.

एका सकाळी टाचण्या थरथरल्या नाहीत. खोकला झाला, औषधं झाली, मग तपासण्या. डॉक्टरांनी सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे, ते काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

भाचीनं संगणक उघडून मावशीचा स्वर वाजवला. एका मावशीच्या असंख्य मावश्या झाल्या आणि 'आ' करून उभ्या राहिल्या. दम लागत नव्हता, खोकला येत नव्हता, आणि त्यांतल्या एकीलाही तिचं नाव घेऊन हाक मारता येत नव्हती. तिनं घाईघाईनं कळ सोडली. तरी खोलीत तो सूर जरा वेळ रेंगाळला.

मग ती रेकॉर्डर घेऊन मावशीकडे जाऊ लागली. काहीही बोल म्हणायची. पण त्याचा छोटा लाल दिवा लागला की मावशी पाठ ताठ करायची, हात मांडीवर ठेवायची आणि वाट बघत बसायची.

"अगं, गायचं नाहीये. बोल नुसतं."

"सुराचं काय गं, तो तुझ्या पेटीत आहे," दिवा विझल्यावर मावशी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "भाजीवाल्याशी भांडणार कोण, याची भीती वाटते मला."

ऑपरेशनच्या सकाळी भाचीनं पुन्हा रेकॉर्डर काढला. दिवा लागला. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, ओठ मिटले. तिचा हात भाचीच्या हातात होता. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. भाचीनं दिवा बंद केला, रेकॉर्डर पर्सच्या तळाशी टाकला आणि दोन्ही हातांनी तो हात धरला.

स्ट्रेचरवर आडवं होताना मावशीनं मान वळवून खाली पाहिलं.

"माझ्या चपला कॉटखाली सरकव गं. कुणाचा तरी पाय अडकेल."