शेठची दोन सीटांची गाडी

गंगापूर रोडच्या शेठनी परवा बोलावून घेतलं. म्हणाले, "मिस्त्री, माझे गुडघे गेले. गाडीत बसलो की दोघांनी ओढून काढावं लागतं. तूच घे. तुझ्याशिवाय तिला सांभाळणार कोण?"

तांबडी, बुटकी, जुनी गाडी. दोनच सीटा. इंजिन सीटांच्या मागं, पुढं नुसती डिक्की. वीस वर्षं तिला माझ्याशिवाय कोणाचा पाना लागला नाही. पोरगा म्हणतो, "आबा, या वयात?" त्याचं मी मनावर घेत नाही. माझी अडचण वेगळी. या गाडीपायी मी बायकोशी खोटं बोललो होतो.

घर गॅरेजच्या मागंच. दसऱ्याला पान्यांची, गाड्यांची पूजा तीच करायची. पहिल्या वर्षी तिनं या गाडीच्या पुढच्या झाकणावर कुंकू लावलं. मी हसलो. "अगं, ती डिक्की. इंजिन मागं हाय."

"मंग आधी नाय सांगायचं? बॅगांची पूजा झाली ना!"

मग झेंडूची माळ मागं घालता घालता म्हणाली, "मला एक चक्कर मारून आणा ना हिच्यातून. सोमेश्वरच्या देवळापर्यंत."

मिस्त्रीनं शेठला असलं काय मागायचं? मला लाज वाटली. दोन दिवसांनी तिला ठोकून दिलं, "विचारलं. शेठ नाय म्हणले."

तिनं परत विषय काढला नाही. शेठ आले की चहा द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. "कंजूष मेला," एवढं मात्र मला ऐकवायची.

मागच्या पौषात ती गेली.

काल शेठकडं जाऊन गाडीत बसलो, चालू केली. आवाज साफ. शेठ खिडकीशी वाकले. "मिस्त्री, एक विचारू? वहिनी माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. माझं काय चुकलं होतं?"

मी इंजिन बंद केलं. काय झालं होतं ते सगळं सांगितलं.

शेठ म्हणाले, "अरे, चावी तर आठ-आठ दिवस तुझ्याकडंच असायची."

असायची. भिंतीवर खिळ्याला. ती रोज त्या खिळ्याखालून केर काढायची.

"वहिनींसाठी तरी घे," शेठ म्हणाले.

"तिच्यासाठी सोमेश्वर झालं नाय माझ्याच्यानं. आता कशाला?"

चावी त्यांच्या हातात दिली. उतरताना मलाही दार धरावं लागलं. चुकी तुमची नव्हती, एवढं शेठना सांगून झालं. तिला सांगायचं राहिलं.