तळघरातली मोटार

हे मी अजून कुणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापाशीसुद्धा नाही — त्याला ठाऊकच असणार, म्हणून तिथे गप्प हात जोडते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

आमचं घर पनवेलकडे, गव्हाणच्या बाजूला. सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यावर ह्यांनी बंगला बांधला आणि हौसेने खाली तळघर काढलं. खाडीच्या अंगाला कुणी तळघर काढतं का? माझे सासरे तेव्हाच म्हणाले होते, "पानी आपली जागा सोडत नाय." बाबांना बोलायचा हक्क होता. त्यांचा उभा जन्म मिठागरावर आणि बांधावर गेला. बांधाला जी उघाडी असते — खाडीचं पाणी आत घ्यायची, बाहेर सोडायची झडप — ती सांभाळायचं काम गावाने त्यांच्याकडे दिलेलं. अवस-पुनवेला उधाण आलं की गाव झोपायचं आणि बाबा जागायचे.

म्हणून तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा ठेवला, त्यात मोटार बसवली. उधाणाला खड्ड्यात पाणी चढतं, मोटार ते बाहेर फेकते. एरवी ती बंद, नाहीतर सुकी फिरून जळते. अवस-पुनवेला जेवणं झाली की जाऊन बटण दाबायचं, हे काम बाबांचं. जमीन गेली, मिठागर गेलं, उघाडी गेली, एवढं एक बटण त्यांच्याकडे उरलं होतं. तेव्हा मला हे असं दिसलं नव्हतं. आता दिसतंय, त्याचा काय उपयोग?

मग मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला, वजन उतरवा. खांदा कॉलनीतल्या एका जिममध्ये चार दिवस गेले. तिथली शिकवणारी पोरगी मला "आँटी, आरामसे" म्हणायची आणि बाकीच्या आरशातून माझ्या पोटाकडे बघायच्या. घरी येऊन रडले. खोटं कशाला बोलू — रडले. ह्यांना दया आली. म्हणाले, तुला घरातच करून देतो.

हळदीच्या जेवणांसाठी ठेवलेले मोठाले टोप तळघरातून वर गेले. खाली भिंतभर आरसा लागला, डंबेल्स आले, सायकल आली, चालायचं मशीन आलं. खड्डा मात्र डोळ्यांत खुपायचा. वास यायचा. भावकीतल्या बायका बघायला येणार, त्यांना काय गटार दाखवू? मी त्यावर फळी टाकून घेतली, फळीवर रबरी मॅट आणि मॅटवर मशीन. वायरमन म्हणाला, मशीनला वेगळा पॉइंट काढू. मी म्हटलं नको, आरशावरून पट्टी दिसेल. जिन्याच्या वरच्या अंगाला मोटारीचं बटण आणि पॉइंट होता, तोच एक; मशीनची वायर लांबवून तिथेच आणली. ह्यांनी बजावलं, "उधाणाच्या दिवशी मोटारीची पिन काढायची नाही हं." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

मी उगाच गोल गोल फिरतेय. सांगते.

त्या अवसेला बाबांनी मोटार लावली. माझ्यासमोर लावली. अंगठ्याने बटण दाबलं, घरघर सुरू झाली, "चालू झाली गो," म्हणाले आणि झोपायला गेले. मला चालायचं होतं. मी मोटारीची पिन काढली, मशीनची घातली. अर्ध्या तासाने परत लावू म्हटलं. खरं सांगायचं तर त्या घरघरीत मोबाइलवरची मालिकाही नीट ऐकू येत नव्हती, तेही होतं. चालता चालता मॅटखालून गुळगुळ ऐकू आली. मी मोबाइलचा आवाज वाढवला. मालिका संपली, तशी वर येऊन झोपले.

विसरले. एवढंच असतं तर आज लिहिलं नसतं. माणूस विसरतो.

सकाळी सगळ्यांत आधी मी उठले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत काळं पाणी. सायकल अर्धी बुडालेली, आरशात पाणीच पाणी. मी वरच्या कोरड्या पायरीवर उभी होते. डोकं चालत होतं — त्याचीच मला आज भीती वाटते. मी मशीनची पिन काढली. मोटारीची घातली. आणि बटण बंद केलं. मग हाक मारली.

हे आले, बटण बघितलं. "बाबा, मोटार लावलीच नाहीत?"

"लावली व्हती रे."

"बघा ना. बंद आहे."

बाबांनी बटण बघितलं. मग स्वतःचा अंगठा बघितला, बराच वेळ. "मग नसंल लावली," म्हणाले.

हे चिडले होते. "ही पहाटेची चालायला उतरली असती, करंट लागला असता, तर?" बाबा माझ्याकडे वळले. माझ्यापुढे हात जोडले. "पोरी, मी तुला मारलीच व्हती."

मी काय म्हणाले माहीत आहे? "जाऊ द्या बाबा, वय झालं तुमचं." मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना.

पुढचं सोपं होतं. आपोआप चालणारी मोटार आली. पनवेलच्या डॉक्टरने विसरण्याच्या गोळ्या दिल्या. गॅसला हात लावायचा नाही, बांधाकडे एकटं जायचं नाही. बाबा दार लावलं का विचारू लागले, मग जेवलो का विचारू लागले. आता तर नातवाचं नावही चुकतं. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. होतही असेल. पण आपल्या डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलं?

तळघर पुन्हा नीट केलंय. नवा आरसा आहे. मी रोज चालते, साखर उतरलीय. अवसेला मात्र बाबा काठी टेकत जिन्यात येऊन उभे राहतात आणि मला आरशात दिसतात. घरात कॅलेंडर कुणी दाखवत नाही, तरी अवस त्यांना बरोबर कळते.

परवाच्या अवसेला आले. म्हणाले, "खरा सांग. त्या दिशी लावली व्हती का मी?"

सगळं विसरलेत, तेवढं नाही. आम्ही दोघंच होतो. मी मशीन थांबवलं. बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा मिळाली नसती.

"नाही बाबा," मी म्हणाले.

ते पायरी पायरी करत खाली आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तरी तू मना कदी बोलली नाय," म्हणाले.

ते वर गेल्यावर मी मशीन पुन्हा चालू केलं. मॅटखाली पाणी चढत होतं.